चाक दोन बोटं बाहेर

३६, २३.३ आणि १०.६. जुन्या पोर्श ९११ वर हात काळे करणाऱ्यांना हे तीन आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. फुक्स कंपनीच्या घडीव ॲल्युमिनियम चाकांचा हा मिलिमीटरमधला ऑफसेट: सहा इंच रुंदीच्या चाकाचा ३६, सात इंचीचा २३.३, आठ इंचीचा १०.६. रिमची मधली रेषा आणि चाक हबला टेकतं ती जागा, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. हा आकडा मोठा असेल तितकं चाक बॉडीखाली आत सरकतं.

आता वजाबाकी करून पाहा. दर पायरीला १२.७ मिलिमीटर कमी, म्हणजे बरोब्बर अर्धा इंच. परिणाम असा, की रिम इंचभर रुंद झाली तरी तिची आतली कड जागची हलत नाही. वाढलेला सगळा इंच बाहेरच्या अंगाला जातो. आत सस्पेन्शन आहे, तिथे जागा नाही. बाहेर मडगार्ड फुगवता येतं. स्पेसर नावाच्या चकतीची गोष्ट या हिशेबाशिवाय कळत नाही. हब आणि चाक यांच्यामध्ये ही चकती घातली, की तिच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं. ऑफसेट कमी करायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

दोन चाकांमधलं अंतर बदलण्याची गरज मात्र आधी शेतात भासली. १९३९ मध्ये अमेरिकेत आलेल्या फोर्ड-फर्ग्युसन ९एन ट्रॅक्टरची मागची चाकं उलटसुलट बसवून हे अंतर ४८ पासून ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी वाढवता यायचं. पिकाच्या ओळींमध्ये जेवढं अंतर, तेवढी चाकं फाकवायची. ऊस-कापसाच्या पट्ट्यात आजही आंतरमशागतीआधी ट्रॅक्टरची चाकं उलटवतात, त्यामागे हीच युक्ती आहे.

मोटारींच्या जगात हे अंतर विकायला काढलं ते पाँटियाकने. १९५९ च्या मॉडेलची बॉडी रुंद आखली गेली होती आणि जुन्या चासीवर ती ठेवल्यावर चाकं पोटात ओढल्यासारखी दिसू लागली. कंपनीचे प्रमुख बंकी नुडसेन यांनी चाकांमधलं अंतर सुमारे पाच इंचांनी वाढवून घेतलं आणि ‘वाइड ट्रॅक’ हे शब्द जाहिरातींत झळकले. रुंद पवित्र्यात उभी असलेली गाडी देखणी वाटते, हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

१९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांपुढे आलेली ९११ त्या मानाने अंग चोरूनच उभी होती. तिची स्टीलची चाकं जेमतेम साडेचार इंच रुंद. १९६६ मध्ये ९११ एस बरोबर फुक्सची चाकं आली, तीही आधी साडेचार इंचीच. पुढे साडेपाच, मग सहा. १९७२ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या कॅरेरा आरएस २.७ ला पुढे सहा आणि मागे सात इंची चाकं होती. दोनच वर्षांनी तिथेच ९११ टर्बो आली, पुढे सात आणि मागे आठ इंची चाकं घेऊन. तिचं मागचं अंग इतकं फुगवलेलं होतं, की आठ इंची चाकही मडगार्डच्या कडेपर्यंत पोचेना. म्हणून कारखान्यातच मागच्या चाकांआड ॲल्युमिनियमचे स्पेसर बसवले गेले. स्पेसर म्हणजे टपरीवरचा जुगाड, असं नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तरी या चकतीला खरं गिऱ्हाईक मिळवून दिलं ते ब्रेकनी. १९७२ च्या आउडी ८० पासून युरोपातल्या गाड्यांमध्ये पुढच्या सस्पेन्शनची भूमिती बदलू लागली. स्टीअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष खाली वाढवला, तर तो जमिनीला टायरच्या मध्यरेषेच्या बाहेर भिडावा अशी ती रचना. फायदा असा, की एका चाकाखाली बर्फ आणि दुसऱ्याखाली कोरडा रस्ता असताना कचकन ब्रेक दाबला, तर गाडी ओढली जाते त्याच्या उलट दिशेला स्टीअरिंग आपोआप किंचित वळतं. एबीएस आल्यावर हा गुण फार मोलाचा ठरला. पण त्यासाठी चाकाचा मध्य आत न्यावा लागतो, म्हणजे ऑफसेट वाढतो. पोर्शने ९४४ वर १९८७ च्या मॉडेलपासून ऑफसेट सुमारे ५२ वर नेला. १९८९ च्या ९११ कॅरेरा ४ पासून सुरू झालेल्या पिढीचं सात इंची चाक तर थेट ५५ वर पोचलं.

नवी चाकं सुबक होती आणि सेकंडहँड बाजारात मुबलक मिळू लागली. जुन्या ९११ वाल्यांचा जीव त्यांच्यात अडकला, तर त्यात नवल नाही. पाच बोल्टचं १३० मिलिमीटरचं वर्तुळ तेच, मधलं ७१.६ मिलिमीटरचं भोकही तेच. चाक बसतं, फक्त ५५ वजा २३.३, म्हणजे जवळपास ३२ मिलिमीटर आत जाऊन बसतं. ती फट भरायला स्पेसर आला.

इतका जाड स्पेसर आधी स्वतःच्या नटांनी हबला आवळतात आणि चाक त्याच्यातच ठोकलेल्या स्टडवर चढतं. पाच-सात मिलिमीटरच्या पातळ चकतीचं तंत्र निराळं. तिथे मूळचेच स्टड वापरले, तर नटाला आटे अपुरे पडतात. पोर्शचा स्टड १४ मिलिमीटर जाड, आट्याचा टप्पा दीड मिलिमीटर. स्टडच्या जाडीइतकी पकड हवी, हा सर्वसाधारण नियम लावला तर नट निदान नऊ फेरे चढला पाहिजे. पाच मिलिमीटरच्या चकतीने त्यातले तीनहून अधिक फेरे खाल्ले, तर जुने स्टड दाबून काढायचे आणि लांब ठोकायचे, दुसरा उपाय नाही. हबची मधली कड चकतीत बुडाली, तर चाक मध्यावर धरायला काही उरत नाही आणि वेगात स्टीअरिंग थरथरू लागतं. त्यात जुन्या हबवर गंजाचे पापुद्रे असतात. तारेच्या ब्रशने ते खरवडले नाहीत, तर चकती तिरकी बसते आणि १३० न्यूटन-मीटरला आवळलेला नट शंभर किलोमीटरच्या आत सैल पडतो. म्हणून तेवढं अंतर चालवल्यावर टॉर्क रेंच पुन्हा लावायचा असतो.

मागे लावलेल्या स्पेसरने बेअरिंगवरचा ताण वाढतो, पण चांगल्या बेअरिंगला तो बराच काळ झेपतो. पुढचं प्रकरण नाजूक. स्टीअरिंगची भूमिती मिलिमीटरमध्ये आखलेली असते आणि चाक २० मिलिमीटर बाहेर काढलं, की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हाताला झटका देतो. जुन्या चाकांची मोजमापं परत मिळवायला पुढे स्पेसर लावणं समजण्याजोगं आहे. नुसत्या दिसण्यासाठी तो लावणं हा शुद्ध आचरटपणा.

जर्मनीत असा बदल तपासून, कागदावर नोंदवून घ्यावा लागतो आणि टायर मडगार्डबाहेर डोकावलेला चालत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाने ठरवलेली मूळ रचना मालकाला बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलं. गंमत म्हणजे पुढे पोर्शनेच ९९७ पिढीच्या ९११ साठी पाच मिलिमीटरचे स्पेसर पर्यायांच्या यादीत ठेवले. ते मागवले, की गाडीबरोबर त्या जाडीला साजेसे लांब बोल्टही यायचे.