वही कुणाची?

परवा नांदेडच्या घरी माळा आवरताना एक जुनी वही हाती लागली. एमएला असताना औसा तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, तीच ही वही. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत माझं नाव. आजीचं नाव कुठंच नाही. 'वृद्ध स्त्री, शेती' एवढंच.

आजी तेव्हा म्हणाली होती, "लई लिहायलास. येकदा वाचून तर दाखव, मी काय म्हनले ते." नंतर दाखवतो म्हणालो. राहूनच गेलं. मार्क मात्र चांगले पडले.

त्याच काळात, म्हणजे १९८० आणि ९० च्या दशकांत, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां हे जोडपं हेच काम किती वेगळ्या तऱ्हेनं करत होतं! दोघं पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करत. ओव्या गोळा करायला त्यांनी फक्त बाहेरून माणसं पाठवली नाहीत. गावातल्या कार्यकर्त्या बायाच वही घेऊन शेजारणींकडे गेल्या. मग एकत्र बसून ओव्यांचा अर्थ काय, आपलं जगणं त्यात कसं आलंय, यावर बोलल्या. प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव. अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आपल्या मराठवाड्यातही, बीड जिल्ह्यातल्या माजलगावला १९९६ साली दलित बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइटवां २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला आणि त्यासाठी काही गायिकांना पुन्हा भेटून त्यांचं म्हणणं नव्यानं ऐकलं गेलं.

आता आमच्या वहीकडे येतो. एका ओवीत 'राजस' असा शब्द आहे. त्यापुढं मी कंसात लिहिलंय, 'नवरा'. वर त्यावर पानभर विवेचनही झोडलंय. परवा लातूरच्या आत्याला फोनवर ती ओवी वाचून दाखवली. आत्या थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "नवरा कशाचा रे? तो तिचा धाकटा भाऊ. पान लागून गेला. ही ओवी म्हनताना माय दरवेळी जातं थांबवायची."

जातं थांबलेलं मीही पाहिलं होतं. दमली असेल असं वाटलं.

आजीला ते पान एकदा वाचून दाखवलं असतं तर तिनं एका वाक्यात चूक दुरुस्त केली असती. कुणास ठाऊक, भावाबद्दल आणखीही काही बोलली असती. ते आता गेलं ते गेलंच.

असो. पहिल्या पानावर माझ्या नावाच्या वर आजीचं नाव लिहिलंय. दिवाळीत वही घेऊन लातूरला येतोय. आत्या, मावशी, वहिनी, सगळ्यांनी बसा. मी वाचीन, तुम्ही खोडा.