दात्याचे नाव आणि विमानाचा क्रमांक

गोमंतकातील एखाद्या जुन्या देवळाच्या अग्रशाळेत गेले म्हणजे भिंतीत बसविलेले संगमरवरी तुकडे दृष्टीस पडतात. अमक्या कुटुंबाने तमक्याच्या स्मरणार्थ ही खोली बांधून दिली, असा मजकूर त्यांवर असतो. दात्याचे नाव त्यावरून कळते. परंतु खोली मूळची केव्हाची, कोणत्या हातांनी बांधलेली, आणि जीर्णोद्धाराच्या वेळी तोच दगड काढून दुसऱ्या भिंतीत बसविला की काय, हे त्या दगडावरून कळावयाचे नाही. युद्धकाळातील लष्करी विमानांची जुनी छायाचित्रे ओळखावयास बसले म्हणजे मला हटकून या दगडांची आठवण होते. कारण विमानांवरही दात्यांची नावे रंगविलेली असत, आणि त्यांत आपल्या चांगल्या परिचयाची नावे आहेत.

समजा, हैदराबादेतील एखाद्या मराठी घरातल्या पेटीत एक पिवळट छायाचित्र सापडले. एकावर एक असे पंखांचे दोन थर असलेले विमान, त्याच्या अंगावर निजामांच्या देणगीचा इंग्रजी उल्लेख, आणि मागे कोणीतरी शाईने लिहिलेले, 'हैदराबादचे विमान'. पाहणारा साहजिकच समजतो की हे चित्र बेगमपेठेकडचे किंवा सिकंदराबादच्या छावणीतले असावे. हा तर्क जितका साहजिक तितकाच चुकीचा आहे.

१९१७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये ११० क्रमांकाचे पथक उभे राहिले. त्याच्या मूळच्या विमानांचा खर्च निजाम मीर उस्मान अली खान यांनी उचलला. म्हणून पथकाच्या नावाला 'हैदराबाद' हा शब्द जोडला गेला आणि विमानांवर त्या देणगीचा उल्लेख आला. विमाने डीएच ९ए या जातीची, दोघांनी बसावयाची आणि बाँब टाकण्याच्या कामाची होती. १ सप्टेंबर १९१८ रोजी हे पथक फ्रान्समध्ये बेतोंकूर येथे उतरले आणि तेथून जर्मनीतील शहरांवर व रेल्वेच्या ठाण्यांवर जाऊ लागले. म्हणजे नाव हैदराबादचे, यंत्र इंग्लंडचे, धावपट्टी फ्रान्सची आणि आकाश जर्मनीचे.

पैसा कोणाचा, हा प्रश्न मात्र छायाचित्रात दिसत नाही. निजामाच्या राज्यात त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते, आणि त्यांचा शेतसारा त्याच राज्याच्या खजिन्यात जमा होत असे. दगडावर जसे नाव दात्याचे असते, राबणाऱ्याचे नसते, तसेच येथेही झाले आहे. या कारणाने तरी अशा छायाचित्रांखालचे मजकूर बरोबर असावेत असे मला वाटते. त्या इतिहासात आपलाही एक अबोल वाटा आहे.

आता नावावर भिस्त का ठेवू नये ते सांगतो. देणगीचे एक विमान पडले किंवा मोडले, तर ते नाव दुसऱ्या विमानावर रंगवून दात्याचा मान राखण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात रूढ होती. त्यामुळे एकच नाव दोन निरनिराळ्या यंत्रांवर आढळू शकते. यंत्राची खरी ओळख त्याच्या क्रमांकात असते. ब्रिटिश विमानांच्या मागील भागावर किंवा शेपटीच्या उभ्या पात्यावर हा क्रमांक लिहिलेला असे. १९१६ पासून पुढे त्यात आरंभी एक इंग्रजी अक्षर व नंतर आकडे येऊ लागले. १९४० च्या सुमारास ती मालिका संपत आली, तेव्हा दोन अक्षरे व तीन आकडे अशी नवी मालिका सुरू झाली. नाव बदलते, रंग बदलतो, वैमानिक तर बदलतोच. क्रमांक सहसा बदलत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण याच हैदराबाद पथकातले आहे. एफ १०१० या क्रमांकाचे डीएच ९ए विमान येओव्हिल येथील वेस्टलंड कंपनीने बांधले. १९१८ च्या ऑक्टोबरात जर्मनीवरील एका हल्ल्यात ते शत्रूच्या प्रदेशात उतरले आणि जर्मनांच्या हाती लागले. पुढे ते बर्लिनच्या विमान-संग्रहालयात विजयचिन्ह म्हणून मांडण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या नोव्हेंबरात त्या संग्रहालयावर बाँब पडले. तेथील कित्येक विमाने बचावासाठी पूर्वेकडे पोलंडच्या भूमीवर हलविली गेली, आणि युद्ध संपल्यावर ती पोलंडपाशीच राहिली. एफ १०१० क्राकूव्हच्या विमान-संग्रहालयात पोहोचले ते पंखांवाचून. १९७७ साली ब्रिटिश विमानदलाच्या संग्रहालयाने एक स्पिटफायर विमान बदल्यात देऊन ते परत मिळविले आणि त्याला नवे पंख करविले. लंडनच्या हेंडन भागात ते आजही पाहावयास मिळते.

फ्रान्सच्या गवतात उभे असलेले विमान, बर्लिनच्या दालनातले विमान आणि क्राकूव्हमधला पंखहीन सांगाडा ही तिन्ही चित्रे तीन घरांत सापडली, तर ती एकाच यंत्राची आहेत असे कोण म्हणेल? त्यांना जोडणारा धागा म्हणजे तो चार आकड्यांचा आणि एका अक्षराचा क्रमांक.

क्रमांक पुसट असला तर राष्ट्रचिन्हाकडे वळावे. येथे मात्र डोळ्यांनी फसू नये, कारण फसविणारी ती जुनी फिल्म असते. पहिल्या महायुद्धातील बहुतेक फिल्म व काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. त्यांत तांबडा रंग जवळजवळ काळा उमटतो, निळा फिकट उमटतो आणि पिवळा गडद दिसतो. ब्रिटिश वर्तुळात बाहेरचे कडे निळे व मधला ठिपका तांबडा. फ्रेंच वर्तुळात याच्या उलट. म्हणून त्या काळच्या चित्रात मध्यभाग काळा व बाहेरचे कडे फिकट असेल तर विमान ब्रिटिश, आणि बाहेरचे कडे काळे व मध्यभाग फिकट असेल तर फ्रेंच, असा आडाखा बांधता येतो. हाच आडाखा दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रांना लावला तर घोटाळा होतो. कारण तोपर्यंत सर्व रंग टिपणारी फिल्म प्रचारात आली होती आणि तीत तांबडा व निळा हे दोन्ही सारखेच करडे दिसू शकतात.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर तर चिन्हच बदलले. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. घाईच्या क्षणी मित्राचा तांबडा ठिपका शत्रूचा वाटून आपल्याच विमानावर गोळी झाडली जाण्याचा धोका होता. म्हणून १९४२-४३ च्या सुमारास भारत व ब्रह्मदेश भागातील ब्रिटिश विमानांवरून आणि आपल्या भारतीय विमानदलाच्या विमानांवरून तांबडा रंग नाहीसा झाला. प्रथम तो पांढऱ्याने झाकला गेला आणि मग गडद निळ्या व फिकट निळ्या रंगांचे लहानसे वर्तुळ आले. अमेरिकनांनीही १९४२ च्या मे महिन्यात ताऱ्यामधला तांबडा ठिपका काढून टाकला. १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ताऱ्याच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या पट्ट्या जोडून भोवती तांबडी रेघ ओढली. काही आठवड्यांतच तीही नकोशी होऊन निळी रेघ आली. तांबड्या रेघेचे चिन्ह असलेले चित्र हाती आले तर त्याचा काळ किती लहान अवधीत बसविता येतो, हे यावरून ध्यानात येईल.

१५२ क्रमांकाचे पथकही हैदराबादच्याच नावाचे. निजामांचे शिरोभूषण हे त्याचे मानचिन्ह. त्याच्या स्पिटफायर विमानांवर 'यू' व 'एम' ही दोन अक्षरे असत. १९४० साली हे पथक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेल येथून लढले. १९४३ च्या अखेरीस ते आपल्याकडे आले आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेले. अक्षरे दोन्हीकडे तीच. मग इंग्लंड कोणते आणि ब्रह्मदेश कोणता? पंख्याची पाती मोजावीत. तीन पाती आणि पिवळ्या कड्याचे मोठे वर्तुळ असेल तर चित्र आरंभीच्या वर्षांचे. चार पाती, लहान निळे वर्तुळ आणि त्यावरून झेप घेणारा काळा चित्ता असेल तर ब्रह्मदेशचे. ११० क्रमांकाचे पथकही १९४२ मध्ये भारतात आले. तेव्हा त्याला व्हेंजन्स नावाची अमेरिकन बनावटीची विमाने मिळाली. याउलट बडोद्याचे नाव धारण करणारे १२४ क्रमांकाचे स्पिटफायर पथक युद्धात भारताकडे फिरकलेच नाही. तेव्हा 'बडोदा पथक' एवढ्या शब्दांवरून चित्र बडोद्याचे मानणे म्हणजे मुंबईच्या दात्याचे नाव वाचून अग्रशाळा मुंबईत आहे असे समजणे होय.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. युद्धकाळात प्रसिद्धीपूर्वी छायाचित्रे तपासणारे अधिकारी पथकाची अक्षरे मुद्दाम खरवडून किंवा रंगवून टाकीत. म्हणून अक्षरे नाहीत यावरून ती मूळ विमानावर नव्हती असे ठरत नाही. चित्रामागे वृत्तसंस्थेचा शिक्का व तारीख असली, तर ती बहुधा छापल्याची किंवा मिळाल्याची असते, टिपल्याची नव्हे.

आणि संपूर्ण चित्रच बनावट असले तर? असेही घडले आहे. १९३३ साली पहिल्या महायुद्धातील हवाई लढायांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. एका दिवंगत ब्रिटिश वैमानिकाने लढता लढता ती टिपली असे सांगण्यात आले होते. एकमेकांवर आदळणारी विमाने, पेटलेल्या विमानातून कोसळणारी माणसे, असली दृश्ये त्यांत होती. ती नंतर कित्येक ग्रंथांत खरी म्हणून छापली गेली. शंका घेणारे आरंभापासून होते. तरी उलगडा व्हावयास १९८४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयाकडे आलेल्या कागदपत्रांतून कळले की ही करणी वेस्ली आर्चर नावाच्या गृहस्थाची. तो स्वतः ब्रिटिश विमानदलात उडालेला अमेरिकन होता, आणि लहान प्रतिकृती बनवून त्याने ही चित्रे घेतली होती. ज्याने खरे युद्ध पाहिले त्यानेच खोटे युद्ध विकावे, याचे मला अजून नवल वाटते. बनावट ताम्रपटांचा अनुभव असलेल्या आपल्या इतिहाससंशोधकांना कदाचित तितके वाटणार नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असे चित्र असेल, कोणी आजोबा विमानतळावर कामाला असतील किंवा मामा भारतीय विमानदलात असतील, तर प्रथम ते उजेडात भिंगाखाली धरावे. अक्षरे उलटी दिसत असतील तर काच उलटी ठेवून छापले आहे हे ओळखावे. क्रमांक, वर्तुळ, पंख्याची पाती, मागचे डोंगर, झाडे, माणसांच्या टोप्या आणि अर्ध्या विजारी, जे दिसेल ते कागदावर उतरवून काढावे. मागचा जुना मजकूर चुकीचा ठरला तरी तो खोडू नये. चूक करणाऱ्याचे हस्ताक्षरही कधी कधी चित्राचा माग सांगते. आपल्याला काय सापडले ते वेगळ्या कागदावर आपल्या तारखेनिशी लिहावे आणि तो कागद चित्राबरोबर त्याच पाकिटात ठेवावा.