ब्रेकचा पल्ला



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे उभी राहतात. दहा मिलिमीटरांच्या अंतरालाही इतिहास असतो असे कोणी म्हणाले तर श्रोते हसतील. पण ज्याने उतारावर ब्रेक दाबला आणि चाक थांबले नाही, त्याला हे अंतर हसण्यावारी नेता येणार नाही. सायकलचा ब्रेक ज्या खिळ्यावर टांगलेला असतो त्याच्या मध्यापासून, रिमच्या ज्या पट्टीवर रबरी गुटके दाबले जातात तिच्या मध्यापर्यंतचे अंतर, हा ब्रेकचा पल्ला. आज मी त्याचीच हकिगत सांगणार आहे.

आरंभी रिमचा ब्रेकशी संबंधच नव्हता. उंच चाकाच्या सायकलींच्या काळात चमच्यासारखी पट्टी भरीव रबरी धावेवर दाबली जाई. १८८५ साली जॉन केंप स्टार्ले यांची ‘रोव्हर’ आली आणि १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. हवेच्या टायरवर पट्टी घासली म्हणजे टायरच झिजायचा. तेव्हा दाबायचे तर रिमला, हे ओघानेच आले. पण हाताचा जोर तिथवर पोचवायचा कसा? एक उपाय सळ्यांचा. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलींवर, ज्यांच्यामुळे पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, याच सळ्या असत. त्यांचे गुटके रिमच्या आतल्या, म्हणजे आसाकडच्या अंगावर खालून वर ओढले जात. दुसरा उपाय तारेचा. आवरणातून सरकणाऱ्या तारेचे पेटंट १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी घेतले. (रॅलेच्या फ्रँक बाउडन यांना याचे श्रेय अनेकदा दिले जाते, आडनाव एक म्हणून कर्तृत्वही एक होत नाही.) तार वाकते, वळणे घेते. म्हणून चिमट्याच्या माथ्यावर एक खिळा ठोकून त्यावर दोन भुजा टांगणे आणि रिमला दोन्ही बाजूंनी पकडणे शक्य झाले. पल्ल्याचा प्रश्न जन्मला तो इथे. भुजा ठराविक लांबीची. गुटका तिच्या फटीत वर-खाली सरकतो, पण तेवढाच.

आता चाकांची मापे पाहा. येथे जो गोंधळ आहे त्याला तोड नाही. फ्रेंचांच्या ‘७००’ या आकड्याचा अर्थ, टायर बसवल्यावर चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर. टायर जाड झाला तर रिम लहान करायची, म्हणून ए, बी, सी अशी अक्षरे. त्यांतील ‘बी’ची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि आपली ‘अठ्ठावीस-दीड’ची घरगुती सायकल तिचीच सख्खी बहीण! ‘सी’ची रिम ६२२ची. इंग्रज क्लबवाले मात्र २७ इंची चाकावर हिंडत, आणि त्याची रिम ६३०ची. कालांतराने शर्यतींची ६२२ची रिमच सर्वत्र रूढ झाली, आणि जुन्या सांगाड्यांत नवी चाके बसवू पाहणाऱ्यांना कोडे पडले. ६३० आणि ६२२ यांत व्यासाचा फरक आठ, म्हणजे त्रिज्येचा चार मिलिमीटर. ब्रेकला चार मिलिमीटर खाली पोचावे लागते. फटीत तेवढी जागा उरली असली तर काम झाले. नसली तर गुटक्याची वरची कड टायरला लागते आणि टायरची बाजू कापली जाते. उलट गुटका फार खाली बसला तर रिमखाली घसरून तारांकडे वळतो. दोन्ही गती सारख्याच वाईट.

दरम्यान दुसरीच एक गोष्ट घडत होती. १९५०च्या दशकात क्लेरमाँ-फेराँच्या माफाक कंपनीचे मध्यखेचीचे ब्रेक युरोपात गाजले. लांब भुजा असूनही ते पकड चांगली ठेवत. पुढे १९६८च्या सुमारास इटलीच्या कांपान्योलोने आपला बाजूखेचीचा देखणा ब्रेक आणला. शर्यतवाल्यांना मडगार्ड नको होते आणि रस्ते सुधारले होते. सांगाडे बांधणारे चाक सांगाड्याच्या जवळ जवळ आणू लागले. त्याबरोबर पल्ला आखूड झाला. गंमत अशी की, ४७ ते ५७ मिलिमीटरांचा ज्या ब्रेकला आज ‘लांब’ म्हणतात, त्याला १९७०च्या दशकात ‘आखूड’ म्हणत! आजचा आखूड ३९ ते ४९चा. माझे मत विचाराल तर, ही शर्यतीची फॅशन सामान्य माणसाच्या माथी उगाच मारली गेली. ज्याला पावसात कचेरीत जायचे आहे त्याच्या सांगाड्यात मडगार्डला जागा उरली नाही.

मग लांब पल्ल्याचाच ब्रेक सरसकट का घेऊ नये? कारण ब्रेक ही तरफ आहे. एका खिळ्याच्या ब्रेकमध्ये गुटका ४७वरून ५७वर उतरवला, तर बोटांचा जोर तोच राहूनही रिमवरचा दाब सहाव्या हिश्शाहून किंचित अधिक घटतो. १९९०च्या दशकात रूढ झालेल्या दोन खिळ्यांच्या ब्रेकांनी ही उणीव बरीच भरून काढली, पण गणित टळत नाही. आणखी एक बारकावा: जुन्या सांगाड्याला सहा मिलिमीटरचे आरपार भोक असते आणि बाहेरून नट लागतो; नव्याला मागच्या बाजूस आठ मिलिमीटरचे भोक, आणि नट आत दडतो. ब्रेक घेताना हेही पाहावे लागते.

२०१८ साली रस्त्यावरच्या शर्यतींत चकतीच्या ब्रेकला कायमची परवानगी मिळाली आणि नव्या सायकली झपाट्याने तिकडे वळल्या. तथापि जुने पोलादी सांगाडे मोडीत निघालेले नाहीत, आणि त्यांना लागणारे लांब पल्ल्याचे ब्रेक मिळतात. चाक चिमट्यात नीट बसवून मोजपट्टी लावावी, आणि मागे वेगळी लावावी. मागच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या नळीपासूनचे अंतर पुढच्याइतकेच असेल असे नाही. पुढे ४४ आणि मागे ५२ आले, तर पुढे आखूड आणि मागे लांब ब्रेक लावावा. दुकानदार जोडीने विकतो, ही त्याची सोय आहे.