नऊ जुलैचे पत्र

मार्सेलिसच्या उडीची गोष्ट मी प्रथम ऐकली ती दिवाळीच्या फराळाला, आजोबांच्या तोंडून. त्यांच्या गोष्टीत समुद्र अफाट असे आणि मागून गोळ्या सुटत. पुढे हेगच्या लवादाचा निवाडा वाचला, तेव्हा गोळ्या कुठेच दिसल्या नाहीत. दिसला तो पोलीसखात्यांचा पत्रव्यवहार. खरे सांगतो, मला तोच अधिक भयंकर वाटला.

विनायक दामोदर सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये पकडले, ते फरारी गुन्हेगारांविषयीच्या १८८१ च्या कायद्याखाली. हा कायदा ब्रिटिश साम्राज्यापुरता. फ्रान्सशी त्याचा संबंध नव्हता. परंतु त्यांना हिंदुस्थानात नेणारी 'मोरिया' बोट वाटेत मार्सेलिसला लागायची होती. म्हणून २९ जूनला लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलीसप्रमुखांना तसे कळविले. ४ जुलैला पॅरिसहून तिथल्या प्रीफेक्टला तार गेली : क्रांतिकारक कैद्याला सोडवू पाहतील, बंदोबस्त ठेवा. बोट लागताच फ्रेंच पोलीस अधिकारी वर जाऊन काय मदत हवी ते विचारून आला. शेजारच्या लग्नघरी आपण विचारतो ना, अगदी तसे!

सर्वांची नजर बाहेरून येणाऱ्यांवर. ८ जुलैच्या सकाळी कैदी आतूनच निसटला आणि पोहत किनाऱ्याला लागला. परक्या भूमीवरून माणूस न्यायचा तर रीतसर मागणी हवी, आणि राजकीय आरोपीला तिथे आश्रयाची आशा असे. पण धावत्या सावरकरांना एका फ्रेंच जमादाराने धरले आणि बोटीवरून आलेल्यांच्या मदतीने परत पोचविले. मागणी नाही, चौकशी नाही. दुसऱ्या दिवशी बोट सुटली. मौज अशी, की त्याच ९ जुलैला पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी लंडनला उत्तर लिहिले : मार्सेलिसला काही प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत!

जोरेसच्या 'ल्युमानिते' पत्राने गिल्ला केला, फ्रान्सने कैदी परत मागितला, आणि प्रकरण हेगला पाच पंचांपुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा : कैदी हवाली करण्यात अनियमितपणा झाला खरा, पण फसवणूक नाही, बळजबरी नाही, सर्वजण सद्भावनेने वागले, सबब त्याला परत देण्याचे इंग्लंडवर बंधन नाही. 'सद्भावने'पाशी मी दर वेळी अडखळतो. जमादाराला काय बोल लावावा? पण त्या सद्भावनेत कैद्याचा वाटा कुठे होता? हेगच्या खटल्यात तो पक्षकारही नव्हता.

मुंबईला तोवर दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, मिळून ५० वर्षे. ४ जुलै १९११ ला सावरकर अंदमानच्या तुरुंगात दाखल झाले. पॅरिसच्या तारेला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते.