मनाचे दुखणे आणि शेजारचा माणूस : मुरगूड परिसरातील कार्यकर्त्यांसाठी माहिती

१९२६ साली बाबासाहेबांचा लहानगा मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही त्यांनी आणि रमाईंनी लेकरे गमावली होती. त्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले दुःख मोकळेपणाने मांडले. १९२० च्या माणगाव परिषदेच्या काळापासूनचे हे स्नेही. एवढा खंबीर माणूस मित्राजवळ मन मोकळे करतो, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात फारशी सांगत नाही. वस्तीत कोणी खचला की आपण त्याला "मन घट्ट कर" एवढेच सांगतो.

मुरगूड आणि कागल तालुक्यातील जे तरुण कुटुंबांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेत किंवा विहारामार्फत स्वयंसेवक होऊ इच्छितात, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. ही संख्या देशात सर्वाधिक होती. देशभरात आत्महत्या केलेल्यांपैकी चौथा हिस्सा रोजंदारी मजुरांचा होता. म्हणजे हा प्रश्न "शहरातल्या श्रीमंतांचा" नाही.

वेदगंगेकाठचे मुरगूड आसपासच्या खेड्यांना बाजार, शाळा-कॉलेज आणि दवाखान्यासाठी जवळचे. पण मनोविकारतज्ज्ञासाठी बहुतेकांना कोल्हापूर गाठावे लागते. त्यात एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि सोबत जाणाऱ्याचाही खाडा होतो. दोन फेऱ्यांनंतर बरे वाटू लागते, औषध थांबते आणि आजार उलटतो. ही साखळी तोडायला डॉक्टर पुरेसा नाही, शेजारचा माणूस लागतो.

सामान्य माणसाच्या मदतीने फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणे, समुपदेशन आणि गरज असेल तेथे डॉक्टरकडे पाठवणे अशी कामे केली. सुमारे दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आले.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पाने गावातलेच लोक निवडले. काहींनी ताणाखाली असलेली माणसे ओळखायची आणि काहींनी त्यांच्या घरी जाऊन चार-सहा भेटींत बोलायचे. शासकीय योजनेचा अर्ज भरून देणे हाही मदतीचाच भाग होता, कारण ताणाचे मूळ अनेकदा रेशन, पेन्शन किंवा कर्जात असते. आपल्याला जवळचे उदाहरण साताऱ्याचे. तेथील परिवर्तन संस्थेने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन 'मानसमित्र' घडवले.

स्वयंसेवकाने काय करावे?

१. ऐकावे. मध्ये न तोडता, उपदेश न करता. पहिल्या भेटीत एवढेच झाले तरी काम झाले.

२. शंका आली तर थेट विचारावे : "जीव नकोसा वाटतो का?" असे विचारल्याने मनात तो विचार येतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने माणसाला हायसे वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू माणसाला सोबत घ्यावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

३. जोडून द्यावे. नुसता पत्ता देऊ नये. पहिल्या वेळी सोबत जावे.

४. पाठपुरावा करावा. पुढची तारीख लक्षात ठेवावी, गोळ्या संपण्याआधी आठवण करावी.

५. काळजी घेणाऱ्यालाही विचारावे. आजारी मुलाची आई किंवा व्यसनी नवऱ्याची बायको वर्षानुवर्षे झोपलेली नसते.

काय करू नये?

निदान करू नये. औषध कमी-जास्त करायला सांगू नये. "दहा दिवस विपश्यनेला जा, गोळ्या सुटतील" हा सल्ला आपल्या समाजात सहज दिला जातो, पण तीव्र आजारात तो घातक ठरू शकतो. विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराची शिफारस केलेली नाही. ध्यान उपचाराच्या सोबत, डॉक्टरांना विचारून करावे.

जातीच्या अपमानातून आलेल्या ताणाला केवळ 'मनाचा कमकुवतपणा' म्हणू नये. कॉलेजात किंवा कामावर छळ होत असेल तर समुपदेशनाबरोबर तक्रार आणि अॅट्रॉसिटी कायद्याचा आधारही द्यावा लागतो. माणसाला सावरायचे आणि अन्याय तसाच ठेवायचा, हे आपले काम नव्हे.

सर्वात महत्त्वाची गुप्तता. लहान गावात बातमी चहाच्या टपरीवर लगेच पोहोचते. व्हॉट्सअॅप गटावर नाव, फोटो किंवा "अमक्यासाठी प्रार्थना करा" असा संदेश टाकला की ते घर पुन्हा दार उघडत नाही. अपवाद एकच : जिवाला धोका असेल तर गरजेपुरते, गरजेच्याच माणसाला सांगावे.

कायदा काय देतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रत्येकाला शासकीय सेवेचा हक्क देतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शासकीय ठिकाणी उपचार मोफत आहेत आणि कार्ड नाही म्हणून ते नाकारता येत नाहीत. रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते. तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. "पोलीस केस होईल" या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घराला हे आवर्जून सांगावे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कागल तहसीलमध्ये अर्ज करता येतो.

कुठे जायचे?

पहिली पायरी जवळचे शासकीय रुग्णालय. पुढे कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर. 'टेलिमानस' ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते.

सुरुवात कशी करावी?

पाच-सहा जण पुरेत, त्यात निम्म्या महिला असाव्यात. आधी प्रशिक्षण घ्यावे आणि अडले तर फोन करता येईल असा एक डॉक्टर किंवा समुपदेशक ठरवावा. एकाने एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त घरे घेऊ नयेत. महिन्यातून एकदा स्वयंसेवकांनी आपसांत, नावे न घेता, आपला थकवा बोलावा. ऐकणाऱ्यालाही ऐकणारा लागतो. तो नसेल तर उत्साही गट सहा महिन्यांत विखुरतो.

विहारात वंदनेनंतर चहा होतोच. त्या वेळी गेल्या महिन्याभरात जो माणूस यायचा बंद झाला आहे, त्याचे नाव आठवा आणि उद्या त्याच्या घरी जाऊन या.