त्रितंत्री वाद्ये

तीन तारांच्या तंतुवाद्यांचे हे वाद्यकुल प्राचीन असून जगाच्या बहुतेक भागांत ते आढळते. भोपळा, नारळाची करवंटी, कोरलेला लाकडी ठोकळा किंवा पत्र्याचा डबा ह्यांस दांडी जोडून तीवर तीन तारा ताणल्या, की वाद्य सिद्ध होते. सुताराच्या साध्या हत्यारांनी ते घरीही करता येते. त्यामुळे भिक्षेकरी, भजनी, गुलाम, सैनिक आणि आदिवासी ह्यांच्या हाती ते विशेषेकरून दिसते. सांगाडा घरी होतो. तार मात्र बहुधा बाहेरूनच आणावी लागते. ती कोणत्या द्रव्याची व किती जाडीची घ्यावी आणि कोणत्या स्वरात लावावी, हे ज्याला कळले नाही त्याचे वाद्य दिसण्यात सुबक असूनही वाजण्यात मुके राहते.

महाराष्ट्राच्या भूमीवर ह्या वाद्याचा स्पष्ट उल्लेख तेराव्या शतकात मिळतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघण (कार. सु. १२१०–४७) ह्याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायात तंत्रींच्या संख्येनुसार वीणांची नावे दिली आहेत : एकतंत्री, दोन तंत्रींची नकुल, तीन तंत्रींची त्रितंत्रिका, सात तंत्रींची चित्रा, नऊ तंत्रींची विपंची व एकवीस तंत्रींची मत्तकोकिला. एकतंत्रीचे वर्णन त्याने मोजमापांसह विस्ताराने केले, त्रितंत्रिकेची बोळवण मात्र संख्या सांगूनच केली. पंधराव्या शतकात विजयानगरच्या राज्यात झालेला टीकाकार कल्लिनाथ ह्याने त्रितंत्रिकेलाच लोक ‘जंत्र’ म्हणतात, असे नोंदविले आहे. शास्त्रकाराने एका शब्दात उरकलेले वाद्य लोकांत स्वतःच्या नावाने नांदत होते, हे ह्या छोट्या नोंदीवरून कळते.

‘सतार’ हे नावही मूळचे त्रितंत्रीचेच आहे. फार्सीत ‘सेह’ म्हणजे तीन; ‘सेहतार’ म्हणजे तीन तारांचे वाद्य. अमीर खुसरौने (१२५३–१३२५) ते निर्माण केले, ही कथा लोकप्रिय असली, तरी त्याच्या काळातील लेखनाचा तिला आधार मिळत नाही. अठराव्या शतकात दिल्लीत होऊन गेलेल्या खुसरौखान ह्या दुसऱ्याच कलावंताशी सतारीचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. १७३८–४१ ह्या काळात दिल्लीस असलेल्या दर्गाह कुलीखान ह्याच्या वृत्तांतात सतारीचा उल्लेख आहे. पुढे तारा वाढत गेल्या व नावातील ‘तीन’ एवढेच मागे राहिले.

महाराष्ट्रात ह्या वाद्यांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र मिरज हे होय. शस्त्रे घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोईनुद्दीन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या उत्तेजनाने, तंबोरे करण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

*तारांची निवड :* तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि प्रतिमीटर वजन ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. लांबी निम्मी केली, की स्वर एका सप्तकाने चढतो. तेवढाच चढ ताणाने मिळवायचा, तर तो चौपट करावा लागतो. घरगुती वाद्याचे अपयश बहुधा येथेच असते. एकाच जाडीच्या तीन तारा बसवून केवळ खुंटी पिळून त्यांतील अंतर साधू पाहिले, तर खालची तार सैल पडून दांडीवर खडखडते व वरची तुटते. एकाच द्रव्याच्या, समान लांबीच्या व समान ताणाच्या तारांची जाडी स्वराच्या व्यस्त प्रमाणात घेणे, हा त्यावरचा उपाय. षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज ह्यांची कंपनसंख्या २ : ३ : ४ अशा प्रमाणात असते, म्हणून खालच्या षड्जासाठी ०·६ मिमी. जाडीची तार घेतली, तर पंचमासाठी ०·४ मिमी. व वरच्या षड्जासाठी ०·३ मिमी. तार योग्य ठरते. बाजारात तारा क्रमांकाने मिळतात. क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते, हे नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ६० सेंमी. अंतर असेल व खालचा षड्ज सेकंदास १३१ कंपनांचा धरला, तर वरील मापाच्या प्रत्येक पोलादी तारेवर सुमारे साडेपाच किग्रॅ. भाराइतका ताण येतो. तिन्ही मिळून हा ताण सुमारे सोळा-सतरा किग्रॅ. भरतो. तो सोसण्याइतकी दांडी ताठ हवी. पत्र्याच्या डब्यास दांडी नुसती बाहेरून जोडण्याऐवजी ती डब्यातून आरपार नेतात, त्याचे कारण हेच. त्यामुळे ताण दांडी पेलते आणि डब्यास केवळ नादाचे काम उरते.

द्रव्यांचा इतिहास ह्या गणिताशी निगडित आहे. जनावरांच्या आतड्यांची तात, रेशीम आणि घोड्याच्या शेपटीचे केस ही सर्वांत जुनी द्रव्ये. तात हलकी असल्यामुळे जाड घ्यावी लागते. तिचा नाद मऊ असतो, पण दमट हवेत ती ओल शोषते व स्वर सोडते. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्याच असतात. पितळ पोलादापेक्षा जड (घनता सु. ८·५; पोलादाची सु. ७·८), परंतु ताण सोसण्यात उणे; म्हणून ते खर्जास योग्य. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची व जोडीच्या तारा पोलादी, ही रूढी ह्याच गुणांतून आली. एकोणिसाव्या शतकात पियानोसाठी चिवट पोलादी तार मोठ्या प्रमाणावर होऊ लागली व तिने सर्व तंतुवाद्यांचा आवाज बदलला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉनचे सूत आले आणि गिटारवरील तात जवळजवळ हद्दपार झाली. एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे : तार तुटू नये म्हणून अधिक जाड तार घेणे निरुपयोगी असते. जाडीबरोबर तारेचे बळ वाढते, तसा त्याच स्वरासाठी लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. तार वारंवार तुटत असेल, तर लांबी कमी करावी किंवा षड्ज उतरवावा.

*स्वर लावणे :* षड्ज–पंचम–षड्ज ही लावणी सर्वाधिक प्रचलित आहे. गायकाच्या पट्टीनुसार वरचा षड्ज प्रथम लावतात, मग त्याच्याशी खालचा षड्ज आणि शेवटी पंचम मिळवितात. पंचम जुळत आला, की दोन तारांच्या नादात सावकाश थरथर ऐकू येते. खालचा षड्ज १३१ वर असता पंचम १९६·५ ऐवजी १९५·५ वर राहिला, तर ही थरथर सेकंदास दोनदा होते. ती मंदावत जाऊन थांबली, की स्वर लागला. खुंटी नेहमी खालून वर चढवीत आणावी. वरून उतरविलेली तार घोडीवर अडून राहते व थोड्या वेळाने स्वर सोडते. सूक्ष्म फरक तारेत ओवलेल्या मण्याने मिटवितात. पंचम वर्ज्य असलेल्या रागात मधली तार मध्यमावर आणतात.

हीच लावणी दूरदेशी स्वतंत्रपणे सापडली, ही लक्षणीय बाब आहे. जपानमधील शामिसेन ह्या तीन रेशमी तारांच्या वाद्याच्या ‘नि-आगारी’ लावणीत षड्ज, पंचम व षड्ज हेच स्वर असतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सिगारच्या रिकाम्या खोक्यांपासून वाद्ये करीत. त्यांतील तीन तारांच्या गिटारचीही हीच लावणी रूढ आहे. दक्षिण आफ्रिकेतील ‘रामकी’ हे तीन-चार तारांचे वाद्य केपमध्ये मलबारातून आणलेल्या गुलामांबरोबर आले, अशी नोंद १७३३–४१ ह्या काळात तेथे राहिलेल्या मेंट्झेल ह्या जर्मन लेखकाने केली आहे. ती खरी असेल, तर अर्ध्या भोपळ्याचे हे वाद्य भारताने जगास नकळत दिले, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात स्वरांतरांची मोजणी तारेच्या लांबीवरून करण्याचा पद्धतशीर प्रयत्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी केला. बावीस श्रुतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या कामी त्यांना अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) ह्यांच्या कानाचे साहाय्य झाले.

*वारीतील वीणा :* पुणे जिल्ह्यातील लोणी काळभोर (ता. हवेली) येथे तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुणे सोडल्यानंतरचा पहिला मुक्काम असतो. १६८५ मध्ये तुकारामपुत्र नारायणमहाराजांनी सुरू केलेला हा सोहळा ज्येष्ठ वद्यात, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर निघतो. दिंडीतील वीणा बहुधा चार तारांची. एकतारी एका तारेची. वीणेवर राग वाजवीत नाहीत, ती केवळ आधारस्वर धरते. परंतु दिंडीत विणेकऱ्याचा मान मोठा असतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सातही दिवस जमिनीवर ठेवीत नाहीत; पहारा बदलला, की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. अशा वाद्याला तातीची तार परवडणारी नव्हे. भिजून उतरणारा स्वर चालता चालता सावरणे कठीण. पोलादी तार गंजते खरी, पण पुसून व थोडे तेल लावून निभावते. लोणी काळभोरजवळून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते आणि त्याच भीमेच्या काठी, पंढरपूरच्या परिसरात, मिरजेच्या कारागिरांना लागणारे मोठे भोपळे पिकतात. पालखीची वाट व वीणेच्या भोपळ्याचे शेत अशी एका नदीवर येतात.

*परधानांची किंगरी :* महाराष्ट्रातील खरी घरगुती त्रितंत्री पाहावयाची, तर ती पूर्व विदर्भात व लगतच्या आदिलाबाद प्रदेशात, परधान जमातीकडे. किंगरी (अन्यत्र ‘बाना’) हे गजाने वाजविण्याचे वाद्य एकाच लाकडातून कोरतात, पोकळीवर कातडे मढवितात व परंपरेने घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तीन तारा लावतात. येथे तारेसाठी बाजार लागत नाही. केसांची संख्या कमी-अधिक करून जाडी ठरविता येते; दुकानातील क्रमांकाचे काम येथे मोजणी करते. किंगरी हे नाव किन्नरी वीणेवरून आले असावे. वाद्ये मात्र भिन्न आहेत.

परधान हे गोंडांच्या कुळांचे गायक. प्रत्येक परधान घराणे विशिष्ट गोंड घराण्यांशी वंशपरंपरेने बांधलेले असते. देवकार्यात व मृत्यूनंतरच्या विधीत किंगरीच्या साथीने कुळाची कथा त्याने गावयाची आणि यजमानाने धान्य, वस्त्र किंवा गुरे द्यावयाची, असा हा व्यवहार. १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हाइमेन्डोर्फ ह्यांनी आदिलाबादेत त्याचे सविस्तर वर्णन केले. नर्मदाखोऱ्यातील परधानांवर शामराव हिवाळे ह्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये निघाला. लिखित वंशावळी नसलेल्या समाजात किंगरी हाच कुळाचा दप्तरखाना होता. म्हणून यजमानांची दाने आटली व परधानांची मुले इतर व्यवसायांकडे वळली, तेव्हा वाद्याबरोबर कथाही उणी होऊ लागली.

गोंदिया जिल्ह्यातील कचारगड (ता. सालेकसा) येथील गुहेत कोंडलेल्या गोंड देवांच्या सुटकेची कथा ह्याच वाद्याभोवती गुंफलेली आहे. हिरासुका पाटालीर ह्या आद्य वादकाने किंगरी वाजविली, तिच्या नादाने आतील मुलांना बळ आले व त्यांनी द्वाराची शिळा ढकलली. शिळेखाली सापडून हिरासुका मात्र गतप्राण झाला. दरवर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि निरनिराळ्या राज्यांतील गोंड समाज तीस जमतो.