मुळांचा रंग: काळे केस सोनेरी करण्याच्या खटाटोपाचा इतिहास

आजचा विषय पार्लरमधला आहे, पण इतिहासाचाच आहे. 'रूटेड ब्लॉण्ड' म्हणजे डोक्याच्या त्वचेजवळ केस मुद्दाम गडद ठेवायचे आणि खाली येता येता ते सोनेरी करत न्यायचे. पुण्या-मुंबईतही आता हे मागून घेतलं जातं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एखाद्या बाईला आरशात असं डोकं दिसलं असतं, तर डोक्याला रुमाल बांधून ती तडक पार्लरला पळाली असती. भांगातली ती काळी रेघ लाजेची गोष्ट होती. आज तीच रेघ पैसे देऊन काढून घेतात. हे उलटं कसं झालं, तेवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवात व्हेनिसपासून करू. चेझारे वेचेल्यो हा चित्रकार टिशियनच्या नात्यातला. त्यानं 1590 मध्ये जगभरच्या पोशाखांचं एक सचित्र पुस्तक काढलं. त्यातल्या एका चित्रात एक बाई उन्हात बसली आहे. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, पण टोपीला वरचा भागच नाही, नुसता काठ! केस त्या भोकातून वर काढून काठावर पसरलेले. म्हणजे चेहरा सावलीत आणि केस उन्हात. हातात एक काडी, काडीला स्पंज. स्पंज द्रवात बुडवायचा, केस भिजवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा भिजवायचे. ही बैठक घराच्या छपरावरच्या लाकडी माचीवर, भर दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना. त्या माचीला आल्ताना म्हणतात. व्हेनिसच्या छपरांवर त्या आजही दिसतात. आणि द्रवात काय? जोव्हान्नी मारिनेल्लो याचं स्त्रियांच्या प्रसाधनावरचं पुस्तक 1562 मध्ये व्हेनिसमध्येच छापलं गेलं. अशा पुस्तकांतून केस पिवळे करण्याच्या कृती असत: राखेचं पाणी, तुरटी, मध, गंधक अशा वस्तूंच्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा उद्योग चोरून चालत नव्हता. तो छपरावर चाले, चित्रकार त्याचं चित्र काढी आणि ते पुस्तकात छापलं जाई. केस रंगवलेत हे गावाला माहीत होतं, आणि त्यात कुणाला काही खुपत असल्याचं त्या चित्रावरून तरी वाटत नाही.

आता थोडं रसायन, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. केसांत दोन प्रकारचं मेलॅनिन असतं: एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. काळं आधी तुटतं, तांबूस चिवट असतं. त्यामुळे काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा आणि अगदी शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. टिशियनच्या चित्रांतल्या बायकांच्या केसांना जी तांबूस सोनेरी झाक आहे, ती या प्रवासातली मधली पायरी असावी, असा आमचा कयास आहे. ऊन आणि राखेचं पाणी बहुधा तिथपर्यंतच पोचवत असेल.

पुढची पायरी प्रयोगशाळेतून आली. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञानं 1818 मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं. केसांसाठी त्याचा बोलबाला झाला तो 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात. लंडनचा एक रसायन विक्रेता तियेले आणि पॅरिसचा केशकार युगो या दोघांनी तिथे त्याचं सौम्य द्रावण मांडलं. आता छपराची गरज उरली नाही, उन्हाचीही नाही. काम बंद दाराआड गेलं, आणि आमच्या मते गुपित जन्माला आलं ते इथे. 'पेरॉक्साइड ब्लॉण्ड' हा शब्द इंग्रजीत हिणवण्यासाठीच वापरला जाऊ लागला.

गुपिताचा खरा शत्रू म्हणजे मुळं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. चार आठवड्यांत रेघ दिसू लागते, सहा आठवड्यांत लपत नाही. जीन हार्लोचा 'प्लॅटिनम ब्लॉण्ड' हा सिनेमा 1931 चा. त्यानंतर तो पांढुरका रंग हवा असणाऱ्या बाईला या वेळापत्रकाला बांधूनच घ्यावं लागलं. 1956 मध्ये क्लेरॉल कंपनीसाठी शर्ली पॉलिकॉफ या जाहिरात-लेखिकेनं मोहीम सुरू केली, तिचा सगळा रोख एवढाच: केस रंगवलेत हे कुणाला कळणार नाही. माल घरोघरी गेला. पण न कळू देण्याचं काम दर महिन्याला त्या बाईच्याच गळ्यात पडलं.

आणि ते काम सोपं नव्हतं. ब्लीच फक्त नव्या वाढीवर लावायचं. आधी ब्लीच झालेल्या केसावर पुन्हा गेलं तर केस तुटतो. त्यात डोक्याच्या उष्णतेनं मुळाशी रंग लवकर उडतो, म्हणजे वेळेचा अंदाज चुकला की पट्टा दिसलाच.

सुटका दोन वाटांनी झाली. एक कारागिरीची. भोकांच्या टोपीतून आकड्यानं बटा ओढणं, फॉइलच्या घड्या आणि 1970 च्या दशकात पॅरिसमध्ये रुळलेलं बालायाज, म्हणजे झाडूच्या फटकाऱ्यासारखं ब्रशनं मोकळ्या केसावर ब्लीच ओढणं. या पद्धतींत सगळं डोकं रंगवत नाहीत, त्यामुळे सरळ रेघच तयार होत नाही. दुसरी वाट बेफिकिरीची. 'ब्लॉण्डी' या बँडची डेबी हॅरी केस घरीच ब्लीच करायची आणि मागचे केस गडदच राहिलेले असायचे. 1980 च्या दशकात मॅडोनानं काळी मुळं उघड मिरवली. लपवायचंच नाही म्हटल्यावर गुपिताची धारच गेली.

आजचं रूटेड ब्लॉण्ड या दोन्हींचं अपत्य. बारीक बट घेतात, मुळाकडचे केस उलटा कंगवा मारून वर ढकलतात, उरलेल्यांवर ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळतात. पेरॉक्साइड बहुधा 6 टक्के किंवा त्याहून कमी. 12 टक्क्यांनी काम झटपट होतं, पण केसाची वाट लागते. उरलेला पिवळेपणा जांभळ्या टोनरनं मारतात, नारिंगीपणा निळ्यानं. शेवटी मुळाशी दोन-तीन बोटं गडद रंगाची सावली देतात. आपल्यासारख्या दाट काळ्या केसांना हे एका बैठकीत होत नाही. जो करून देतो म्हणतो त्याच्यापासून जरा जपून. मेंदी लावलेली असेल तर आधी सांगा. मेंदीचा नारिंगी रंग सहजी निघत नाही, आणि भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असले तर पेरॉक्साइडशी गाठ पडून केस तापतो.

गिऱ्हाईकाचा फायदा उघड आहे: महिन्याची फेरी तीन-चार महिन्यांवर गेली. पण खुर्चीमागे उभं राहणाऱ्याचं काय? ब्लीच पावडरमध्ये परसल्फेट असतं. ती हवेत उडते, आणि रोज ती श्वासात घेणाऱ्या कारागिरांना त्यामुळे दमा होऊ शकतो, हे वैद्यकात नीट नोंदलेलं आहे. व्हेनिसच्या बाईनं जे सोसलं ते स्वतःच्या डोक्यावर. इथे भार दुसऱ्याच्या फुप्फुसांवर येतो, आणि तो फॅशनच्या इतिहासात सहसा कुणी लिहीत नाही. न उडणारी दाणेदार पावडर मिळते, खिडकी उघडता येते, पावडर कालवताना मास्क लावता येतो. पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलात तर ब्लीच कुठे कालवतात, तेवढं बघून या. आता प्रश्न घेऊ.